क्विलिनच्या डोंगरावरचा उजेड

१४ मार्च १९०६

आज सरकारी मोजणीचा माणूस आला आणि बाबांनी त्याच्यावर बंदूक रोखली. बंदुकीत गोळी नसते — पण त्याला काय माहीत! हात वर करून उभा राहिला बिचारा. एका हातात यंत्राची जड पेटी होती, तीही तशीच वर धरलेली. खाली टाकली नाही. पेटी आधी, जीव मग. तिथेच मला तो बरा वाटला.

नाव ॲन्स्ली. नाकाची साल निघालेली, मिशांत धूळ. सरकारला म्हणे या मुलखाचा नकाशा हवाय. बाबा म्हणाले, "मला विचार की. इथे दगड, तिथे दगड, मध्ये माझी गुरं. झाला नकाशा."

शेवटी जेवायला थांबवलाच त्याला. बीन्स तीनदा वाढून घेतले.

१५ मार्च

काम असं आहे. ॲन्स्ली दूरच्या एका सुळक्यावर यंत्र घेऊन बसणार. आमच्या डोंगराच्या माथ्यावर कोणीतरी आरसा घेऊन बसायचं आणि उन्हाचा कवडसा नेमका त्याच्याकडे पाठवायचा. चाळीस मैलांवरून डोंगराचं टोक नीट दिसत नाही, पण आरशाची चमक दिसते. तीन डोंगर, तीन चमका, त्यांचा त्रिकोण. तो पक्का झाला की बाकी सगळा मुलूख त्याच्या आत बसवायचा.

त्याचा आरसेवाला माणूस घोड्यावरून पडून जायबंदी झालाय. "तुमच्याकडे कोणी आहे का?"

बाबांचा पाय अधू. सेफेरिनो आमचा जुना गुराखी, पण शेळ्या व्यायल्यात, त्याला हलता येत नाही.

"मी करते," मी म्हटलं.



"तू?" बाबा म्हणाले. मग ॲन्स्लीकडे वळून, "बघ बाबा. आरशात बघायचं काम तसं बायकांचंच."

मी ताटं उचलली. जरा आवाज करतच उचलली.

१८ मार्च

माथ्यावर. खेचर शेवटच्या चढापर्यंत येतं, पुढे आपणच आपलं खेचर!

आरसा तळहाताएवढाच. फळीवर बसवलेला, पुढे दोन कड्या. दोन्ही कड्यांतून समोरचा सुळका दिसला पाहिजे आणि आरशातला कवडसा त्याच कड्यांतून गेला पाहिजे. सोपं वाटतं. पण सूर्य कुठे थांबतो? कवडसा सारखा सरकतो, सारखा आरसा वळवायचा. सूर्य पाठीशी गेला की दुसरा आरसा लावायचा. मान आखडते, डोळ्यांतून पाणी, ओठ फुटले. जेवायला हात मोकळा नाही — वाळलेलं मटण गालात धरून चघळत बसले.

समोरून काहीही नाही. ॲन्स्लीने सांगितलं होतं, मला दिसलं की मी उलट एक लांब चमक देईन.

काहीही नाही.

१९ मार्च

नाही.

२० मार्च

वारा. धूळ. समोर सुळकाच नाही तर चमक कुठून!

बाबा संध्याकाळी: "दिसली का गं तू कोणाला?" मी म्हटलं, "उद्या दिसेन."

२१ मार्च

दिसले!!

सकाळी हवा धुतल्यासारखी होती. आरसा लावला, कड्या जुळवल्या, आणि समोर त्या निळ्या सुळक्यावर एक टाचणीएवढा तारा पेटला. दिवसाढवळ्या! लांब, स्थिर. माझ्यासाठी. चाळीस मैलांवरचा माणूस म्हणत होता — हो, तू आहेस तिथे.

मी एकटी माथ्यावर मोठ्याने ओरडले. एक ससाणा उडाला, बाकी कोणी ऐकलं नाही.

त्रेचाळीस वर्षं या डोंगराच्या पायथ्याशी राहिले. जन्मले तेव्हा हा मुलूख ओसाड होता, बाबा सांगतात — आता काय फार गजबजलाय! पण या मुलखाला पलीकडच्या टोकावरून मी दिसते, असं कधी वाटलं नव्हतं.

२७ मार्च

रोज चमक. हात आता आपोआप चालतो. सूर्य किती सरकला हे बोटांना कळतं.

आज संध्याकाळी त्याने दोन छोट्या चमका दिल्या. म्हणजे — पुरे, या डोंगराचं झालं.

३ एप्रिल

ॲन्स्ली आता आमच्याच माथ्यावर. यंत्र मांडलंय, वर कापडाचा आडोसा. खडकात भोक पाडून एक पितळी बिल्ला बसवला. मला म्हणाला, "मिस टॅकेट, यावर एक पाय ठेवा. सगळ्या मुलखात एवढी एकच जागा आहे, जी नेमकी कुठे आहे हे आता नक्की ठाऊक आहे."

ठेवला पाय. घट्ट.

मग म्हणाला, "तुमच्यासारखा आरसा आजवर कोणी धरला नाही माझ्यासाठी. हे तोंडदेखलं नाही. पुरुषमाणसं कंटाळून झोपतात."

हे बाबांना सांगितलं नाही. स्वतःपाशीच ठेवलं. इथे लिहिलं, बस.

४ एप्रिल

आता त्याला पश्चिमेच्या डोंगरावरची चमक हवी होती. खारपटाच्या पलीकडे, पन्नास मैल. त्याने मला दुर्बिणीतून बघायला दिलं. थरथरत्या हवेत एक बारीक, पांढरा, हट्टी ठिपका. हलत नव्हता.

"चांगला धरलाय," मी म्हटलं. आता मला त्यातलं कळतं! "कोण आहे?"

"माझ्या सहकाऱ्याने ठरवलंय कोणीतरी. मी अजून भेटलो नाही. क्विलिन म्हणून आहेत."

दुर्बिणीवरून डोळा काढताना कपाळ आपटलं माझं.

४ एप्रिल, परत

क्विलिन म्हणजे एझ्रा क्विलिन. बाबा आणि तो एकाच गाडीतून या मुलखात आले, एकाच कढईत जेवले, पहिली गुरं दोघांत मिळून. मग तारेचं कुंपण आलं. क्विलिन म्हणतो कुंपण त्याच्या हद्दीत, बाबा म्हणतात आमच्या. त्याने तार तोडली. बाबांनी त्याचा वळू बांधून ठेवला. तो वळू सोडवायला आला बंदूक घेऊन. बाबांच्या खुब्यात त्याचे छर्रे अजून आहेत. पाऊस यायच्या आधी ठणकतात. बाबा ओसरीवर खुबा चोळत म्हणतात, "क्विलिन बोलायला लागला. कपडे आत घे."

तो उठून खारपटापलीकडे गेला. तेव्हा मी वेण्या घालत होते. तेव्हापासून तोंड बघितलेलं नाही कोणी कोणाचं.

बाबांना सांगितलं नाही. पश्चिमेचा माणूस, एवढंच म्हटलं.

९ एप्रिल

ॲन्स्ली जेवायला. आमच्या डोंगराची उंची काढून झाली. बाबा मुद्दाम स्वच्छ सदरा घालून बसले होते.

"नऊ हजार फूट ना?"

"साडेसहा हजारांच्या थोडी वर, मिस्टर टॅकेट."

"तुझं यंत्र बुटकं आहे."

"यंत्राला डोंगराशी वैर नाही हो."

"मग वर चढताना दम का लागतो मला?"

सेफेरिनो दारात उभा राहून खाली मान घालून हसत होता. बाबांना तो नावाआधी मानाचं 'डॉन' लावूनच हाक मारतो. "डॉन जुबल, तुमचा डोंगर नऊ हजारच आहे. खालचे अडीच हजार जमिनीत आहेत."

मग ॲन्स्लीने विचारलं, डोंगराचं नाव काय लिहू?

आम्ही कधी नाव घेतलंच नाही त्याचं. डोंगर म्हणजे डोंगर. "डोंगरावर ढग आलाय." "बकरी डोंगरावर गेली." दुसरा कोणता डोंगर?

"माझा डोंगर, असं लिही," बाबा म्हणाले.

"नकाशावर कसं लिहू 'माझा'? ज्याच्या हातात नकाशा त्याचा होईल तो."

"मग टॅकेट डोंगर लिही."

ॲन्स्लीने पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही. म्हणाला, नियम आहे. डोंगर जिथून जिथून दिसतो तिथल्या सगळ्यांना विचारायचं. जे नाव खरोखर लोकांच्या तोंडात आहे तेच छापायचं. आता तो पश्चिमेला जाणार. तिथेही विचारणार.

बाबांचा चेहरा हळूहळू बदलला. "पश्चिमेला कोण राहतं?" — स्वतःलाच विचारलं, स्वतःच उत्तर दिलं. "क्विलिन!"

उठून उभे राहिले. "तो हरामखोर काहीतरी घाण नाव सांगेल! गाढवाचं ढुंगण म्हणेल! आणि ते सरकारी नकाशावर कायमचं!"

ॲन्स्ली म्हणाला, "तसं अश्लील असलं तर आम्ही छापत नाही."

"अश्लील नसलेलंही येतं त्याला. फार हुशार आहे तो!"

११ एप्रिल

ॲन्स्ली पश्चिमेला गेला. त्याला पोचायला आठवडा तरी लागेल. मग माझा आरसा क्विलिनच्या डोंगराकडे.

बाबा रोज एकदा तरी: "काय सांगेल गं तो?"

काल म्हणाले, "टक्कल म्हणेल. माथा बोडका आहे ना. टॅकेटचं टक्कल." आज: "नाही. ढेरी."

१९ एप्रिल

आरसा पश्चिमेकडे. हवा गढूळ, काही उत्तर नाही.

२१ एप्रिल

उत्तर! तोच ठिपका. पांढरा, हट्टी. तिकडे आता ॲन्स्ली यंत्रावर, आणि त्याच्या बाजूला तो दुसरा आरसा — मला सांगायला की तू दिसतेस. सकाळी मी लावायच्या आधीच तिकडून चमक येते. लवकर उठणारा दिसतो म्हातारा. संध्याकाळी मी बंद करेपर्यंत तो बंद करत नाही.

बाबांना गोळी घालणारा माणूस! आणि मी सकाळी त्याची वाट बघते. लाज वाटायला हवी. वाटत नाही.

२४ एप्रिल

सेफेरिनोने घोळ केला. बाबांनी विचारलं, विला आता आरसा कुठे दाखवते? हा म्हणाला, "क्विलिनला. छान जमलंय दोघांचं."

जमलंय दोघांचं!!

बाबांनी काठी आपटली. "माझ्या डोंगरावरून त्याला उजेड? माझ्या पोरीने द्यायचा? उद्यापासून जायचं नाही."

"तिकडची मोजणी अर्धी झालीय, बाबा."

"होऊ दे अर्धी."

"त्रिकोण मिटणार नाही."

"मग चौकोन करा म्हणावं!"

आजवर मी या घरात दार आपटलेलं नाही. आज आपटलं. बिजागरी निघाली. मीच परत बसवली.

२५ एप्रिल

गेले. बाबा ओसरीवर बसले होते, त्यांच्या समोरून गेले. हाक मारली नाही त्यांनी. मीही मागे बघितलं नाही. माथ्यावर पोचून बिल्ल्याजवळ बसले तर हात स्थिर. अगदी स्थिर.

हे काम माझं आहे. बाबांचं नाही, क्विलिनचं नाही. ॲन्स्लीचंही नाही.

तिकडून चमक आली होतीच.

२७ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दुपार कलायच्या आधी खालून खेचराचे नाल वाजले आणि शिव्या ऐकू आल्या. शिव्या ओळखीच्या! सेफेरिनो लगाम धरून पुढे, खेचरावर बाबा, गुडघे दोन्हीकडे बाहेर, टोपी मागे गेलेली. शेवटचा चढ तर सेफेरिनोने त्यांना पाठीवर घेऊन चढवला. दोन म्हातारे एकमेकांना शिव्या देत वर आले.

मी आरसा सोडला नाही. सोडताच येत नाही.

"यायला मी सांगितलं नाही हं," सेफेरिनो धापा टाकत म्हणाला. "मी म्हटलं खेचराला विचारा. खेचर हो म्हणालं."

बाबा दगडावर टेकले. खूप वर्षांनी माथ्यावर आले होते. चारही बाजूंना बघितलं. आपलं घर बघितलं — काड्यापेटीएवढं. पवनचक्की, पाण्याचं टाकं, कुंपणाची सुतासारखी रेघ.

मग पश्चिमेकडे बघितलं. डोळे बारीक केले.

"ते काय?"

"तेच ते."

"तो?"

"तो."

बराच वेळ बघत राहिले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असेल. "म्हणजे अजून जिवंत आहे तर," म्हणाले. आवाजात राग असा नव्हता. जुन्या सदऱ्याच्या खिशात विसरलेलं काही हाताला लागावं, तसा आवाज.

मग म्हणाले, "सरक."

"बाबा, आरसा हलेल."

"आरशाला हात लावत नाही. सरक."

टोपी काढली आणि कवडशाच्या पुढे धरली. उजेड तुटला. काढली — उजेड. परत धरली. तीनदा केलं असं. मी किंचाळले, "अहो काय करताय!"

"शिवी दिली."

आम्ही तिघंही पश्चिमेकडे बघत बसलो. कितीतरी वेळ तो ठिपका तसाच. मग — विझला. पेटला. विझला. पेटला. विझला. पेटला.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! उलटी शिवी घातली! तोच आहे! अजून तसाच आहे, हरामखोर!"

घरी येईपर्यंत बडबडत होते. रात्री जेवताना एकदम म्हणाले, "हात मात्र चांगला आहे तुझा. ठिपका हललासुद्धा नाही त्याचा, म्हणजे तुझाही हलला नसेल."

बाबांकडून एवढं म्हणजे फार झालं. मी पाणी प्यायला उठले, उगाचच.

३० एप्रिल

दोन छोट्या चमका. पुरे. झालं.

आरसा पुसून पेटीत ठेवला. बाबा वाट बघत होते: "काही म्हणाला का तो?" नाही म्हटलं.

१६ मे

ॲन्स्ली परत आला, आता नकाशाच काढायला. तिवईवर लाकडी फळा, त्यावर कागद. यंत्रातून बघायचं आणि तिथेच, उन्हात, कागदावर डोंगर उतरवायचा. आज मला दाखवला. आमचा डोंगर रेषांत काढलाय — एकात एक वाटोळ्या रेषा, जवळ जवळ जिथे कडा आहे, लांब लांब जिथे उतार. बोटाच्या ठशासारखा. घळ ओळखली मी लगेच! जिथे रेषा आत वळतात तिथे.

"तुमच्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज केली," तो म्हणाला. "इतका नीट मिटला की वरिष्ठांना वाटेल मी आकडे बनवले." हसला. मीही हसले. मग विचारलं, "क्विलिन म्हातारा काय म्हणाला नावाचं?"

"कोण म्हातारा?"

आम्ही गोठ्याजवळ उभे होतो. ओसरीवरून बाबा बघत होते, कान आमच्याकडे.

ॲन्स्लीने आवाज खाली आणला. एझ्रा क्विलिन जानेवारीतच गेला. छातीत कफ झाला, चार-पाच दिवसांत संपला. आरसा धरला तो त्याच्या मुलीने. डेला. "तुमच्यापेक्षा बरीच लहान, तिकडेच जन्मलेली. एकटीच आहे, मेंढरं आणि दोन कुत्री. एके दिवशी तुमचा उजेड तीनदा तुटला, तेव्हा मला विचारत होती याचा अर्थ काय. मी म्हटलं ठाऊक नाही. तर म्हणाली, मग आला तसा परत करते, उद्धटपणा नको."



"आणि नाव?" बाबा ओसरीवरून ओरडले. "काय घाण सांगितलं त्याने?"

ॲन्स्लीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — नावापुरतंच सांगा. तो ओसरीवर गेला, कागद बाबांच्या मांडीवर ठेवला.

"तिकडे तुमच्या डोंगराला जुबल म्हणतात."

"काय?"

"जुबल. दुसरं नावच नाही त्यांच्याकडे. पहिल्यापासून. सकाळी उठल्यावर क्विलिनांच्या दारात पहिला प्रश्न — जुबलने टोपी घातली का? म्हणजे माथ्यावर ढग आहे का. घातली असली तर पाऊस. मेंढरं मग त्या हिशोबाने बाहेर काढायची."

बाबांनी डोंगराकडे बघितलं.

"शिव्या देताना क्विलिन तुम्हाला टॅकेट म्हणायचे. ते वेगळं," ॲन्स्ली म्हणाला. "घरातल्या माणसांना तर जुबल हे माणसाचं नाव असतं हेच ठाऊक नव्हतं."

बाबांनी त्याला ते नाव कागदावर लिहायला लावलं. रेषांच्या बरोबर मधोमध, छोट्या सुबक अक्षरांत. मग कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ.

"उंची कमी लिहिलीस," म्हणाले. "पण नाव पूर्ण आहे. चालेल."

आणि मला म्हणाले, बघ गं, कॉफी करपतेय.

चुलीवर कॉफी नव्हतीच. मी आत गेले.

१७ मे

बाबा दिवसभर ओसरीवर. डोंगराकडे तोंड करून. माथ्यावर ढगाचा टिपूस नाही.

सांगायला हवं. उद्या सांगते.

१९ मे, खारपटाच्या अलीकडे, मुक्काम

काल सकाळी उठले तर बाबांनी दाढी केलेली. लग्नातला काळा कोट. बंदूक खुंटीवरच.

"गाडी जोड. क्विलिनकडे जायचंय. माझं नाव डोंगराला लावायचा अधिकार तुला कोणी दिला, हे तोंडावर विचारतो त्याला."

सेफेरिनोने खेचरं जोडली. बाबांना वर बसवलं, शेजारी मी. लगाम हातात घेतला आणि मग राहवेना. सगळं सांगितलं. तो जानेवारीत गेला. आरसा त्याच्या मुलीच्या हातात होता. ती शिवीसुद्धा तिनेच परत केली.

बाबा खेचरांच्या कानांकडे बघत राहिले. टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. मला वाटलं आता उतरतील.

"म्हणजे जानेवारीपासून पोर एकटीच आहे तिथे?"

"हो."

"मग बसलीस काय? हाक."